सोमाविरुद्धचा सामना

लोकांनी मला माझ्या अंगच्या गुणांवर निवडून दिलं, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. गुण नेमका कोणता, हे मात्र कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

स्वातंत्र्य नवं होतं. आमचा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात, आणि तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेची निवडणूक लागलेली. मी नागपूरच्या कॉलेजात वॉटरपोलो खेळून गावी परतलो होतो. खेळून म्हणजे — संघात होतो. राखीव. टॉवेल सांभाळायचो. पण नवेगावच्या बाजारात पेटीवर उभं राहून हे कोण सांगतो? मी सांगायचो की हा खेळ खोल पाण्यात चेंडू फेकण्याचा, यात पाय तळाला लावायची सक्त मनाई, आणि ज्याला आधाराशिवाय तरता येतं त्यानेच कारभार करावा. टाळ्या पडायच्या. टोपी कडक होती, वाक्यं तिच्याहून कडक.

निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभा होता सोमा — आमच्या तलावावर मासे धरणारा. त्याला भाषण येत नसे. पण बुडणारी माणसं त्याने ओढून काढली होती, आणि लोक ते विसरले नव्हते. एका सभेत तो मागून ओरडला, "सभेत काऊन पोहून राहिले जी, भाऊ? तलावात या ना!"

सगळा बाजार हसला. आता नाही कसं म्हणायचं?

इथे मला जरा थांबावं लागतं — कारण पुढचं ठाऊक असलेला माणूस मी एकटा, आणि दुसरा गोमाजी.

त्या उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढला होता. देखरेख माझी. किती खोदलं ते मोजता यावं म्हणून मध्ये मातीचा एक खांब न खोदता ठेवतात, आणि माप झालं की तोडतात. मी माप घेतलं आणि प्रचाराला पळालो. खांब तसाच राहिला. खोदणारे परगावचे, ते निघून गेले. खोदणाऱ्यांत गावचा म्हणावा असा एकटा गोमाजी. पाऊस आला, तलाव भरला. जाळी अजून पडायची होती, म्हणून सोमालाही कळलं नाही.

सामन्याला तीन गावं लोटली. शाळेचा फुटबॉल, चार बांबूंचे दोन गोल, दोन्हीकडे पाच-पाच जण. मी खांबावर जाऊन उभा राहिलो. हो — उभा. गुडघे वाकवले की पाणी गळ्याशी, सरळ केले की कमरेशी. चेंडू आला की मी पाण्यातून देवासारखा वर यायचो. सोमा चहूबाजूंनी झेपावला, धापा टाकत राहिला, आणि दर वेळी मी शांतपणे त्याच्या डोक्यावरून गोल केला. किती मजा आली म्हणून सांगू? आयुष्यात तेवढा आनंद मला कधी झालेला नाही, आणि तो खोटाही नव्हता — हीच तर गोष्ट कबूल करायला जड जाते.

लोक सोमाला हसले. त्याची बायकोही हसली. "माशे तुले शिकवून ऱ्हायले का रे पोहायले?" म्हणाली. गोमाजी काठावर तंबाखू मळत होता. मी बाहेर आलो तेव्हा एवढंच बोलला, "तुमचे पाय भारीच लांब हायेत जी."

मी निवडून आलो.

दुसऱ्या आठवड्यात सोमा माझ्या दारात आला. मनात काही न ठेवता म्हणाला, "भाऊ, मले बी शिकवा ना थे वर उठणं." तेव्हा तरी सांगायचं होतं ना? नाही सांगितलं. बांधावर बसून, कॉलेजात जे नुसतं पाहिलं होतं ते मी त्याला शिकवलं — मांड्या अशा फिरव, पाणी असं खाली दाब. दिवाळीपर्यंत तो अथांग पाण्यात दोन्ही हात वर करून कमरेपर्यंत उठू लागला. मला ते कधीच जमलं नाही. तो मात्र भेटेल त्याला सांगतो की गुरू भाऊ आहेत. मी मान हलवतो.

जनपद सभेत माझा पहिला ठराव तलावाचा उरलेला गाळ काढण्याचा होता. तो एकमताने मंजूर झाला. पाणी आटायला लागताच, पुरतं आटायची वाट न पाहता, मी खांब तोडून घेतला. त्याआधी नियमाप्रमाणे मोजला: चार फूट दोन इंच.