गच्चीवरची बाई

मी क्षमा करणाऱ्यांतली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एकानं भुताचा सिनेमा काढला. तिशीतला माणूस, लग्नांचे व्हिडिओ काढून पोट भरतो. सिनेमात चार मित्र आमच्याच दौलताबादच्या किल्ल्यामागच्या डोंगरात जातात, परत येत नाहीत, आणि नंतर फक्त त्यांचा मोबाईल सापडतो. त्या मोबाईलमध्ये जे चित्रित झालंय तेच आपण बघतोय, अशी कल्पना. म्हणून सगळं हलतं, तिरकं होतं, मधेच काळं पडतं. पैसे नसले की सिनेमा काढायला याहून सोयीची कल्पना नाही.

पहिला खेळ संभाजीनगरला एका कॉलेजच्या हॉलमध्ये होता, दुपारी. मी तिथंच शहरात एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दोन तासांची सुट्टी काढून, दुकानातल्या मैत्रिणीला सोबत घेऊन मी गेले. गावातल्या पोरानं काहीतरी केलंय, टाळ्या वाजवायला आपलं माणूस हवं, असं मला वाटलं होतं. माझ्या त्या चांगुलपणाचा मला अजून राग येतो.

लोक पहिल्या दहा मिनिटांतच हसायला लागले. भुताच्या तोंडाला पीठ फासलेलं होतं आणि ते घामानं ओघळत होतं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘अबे, मोबाईल नीट धर ना, चक्कर आ रही है!’ पुढच्या रांगेतली पोरं भुताला चहाचं आमंत्रण देत होती. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

मग एक गच्ची दिसली. लांबून, धूसर. एक बाई खाली वाकून बसलेली, कमरेपर्यंतचे पांढरे केस तोंडावर मोकळे, आणि ती ते कापडानं झटकतेय. सट, सट, सट. आवाज जाडा केलेला, चाल संथ केलेली. एकदम तिनं मान वर केली, केस मागं फेकले आणि पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडून ती हसली. हॉल चिडीचूप झाला. माझ्या शेजारची कॉलेजातली मुलगी किंचाळली. मैत्रिणीनं माझा दंड गच्च धरला.

ती माझी आई होती.

कुरडया घातल्या होत्या त्या दिवशी. आईनं शिकेकाईनं न्हाणं केलं होतं आणि कावळे हाकत ती उन्हात पंच्यानं केस झटकत बसली होती. मी म्हणाले होते, ‘आई, तुझे केस माझ्यापेक्षा लांब. आपल्या दोघींत पोरगी कोन गं?’ त्यावर ती हसली होती. ते हसू माझं होतं, मी मिळवलेलं. त्यानं स्वतःच्या गच्चीवरून ते गुपचूप उचललं आणि चारशे माणसांना घाबरवायला वापरलं.

खेळ संपल्यावर हा गडी माईक घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘एकच सांगतो. ती गच्चीवरची बाई नट नाही. ती खरी आहे. गावात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता आईचं काम सांगायला हवं. गेली चाळीस वर्षं ती गावातल्या तान्ह्या लेकरांना न्हाऊ घालते. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पायांवर लेकरू पालथं घ्यायचं, तेलानं रगडायचं, कढत पाणी, मग ओव्याची धुरी. गावातली निम्मी डोकी तिच्या हातानं गोल झालीत. या सिनेमावाल्याचं नाकही तिनंच तेलाचं बोट लावून ओढून सरळ केलंय. ते तसंच वाकडं ठेवायला हवं होतं.

सिनेमा त्यानं आपल्या चॅनलवर टाकला. त्याआधी त्यानं तो गच्चीचा तुकडा वेगळा टाकला होता आणि तोच मोबाईलमोबाईलवर फिरला. प्रतिक्रिया मी एकूण एक वाचल्या. ‘बाकी पिक्चर भंगार, पण ही म्हातारी बघून फोन फेकला.’ ‘हे एडिट नाही, खरी हडळ आहे.’ ‘दौलताबादला माझी आत्या राहते, ती म्हणते ही बाई लहान पोरांना हात लावते.’ शेवटची मी तीनदा वाचली. मी खाली लिहिलं, की ही माझी आई आहे, ती केस वाळवत होती. त्यावर उत्तर आलं, ‘हडळीच्या पोरीकडं पण मोबाईल आला.’ त्याला शेकड्यानं अंगठे पडले. सिनेमावाल्यानं वर बदाम ठोकला.

चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातून नकार आला. तिथं अकरा दिवसांची नात होती आणि आई रोज सकाळी जात होती. त्या घरची सासू दारातूनच म्हणाली, ‘मावशी, आता राहू द्या. पान्याची अडचन हाय.’ नळ तर त्यांच्या दारात वाहत होता. मग दुसऱ्या घरानं सांगितलं, मग तिसऱ्या.

आमच्या घरात भूत हा शब्दच नव्हता. धर्म बदलला तेव्हा आजोबांनी देव आणि भुतं एकाच दिवशी घराबाहेर काढली होती. आईनं आयुष्यात कधी लिंबू ओलांडायला पाय अडवला नाही. तीच आई आता न्हाणं झालं की ओले केस तसेच गच्च बांधून पदराखाली दडवायला लागली. गच्चीवर जाणं तिनं सोडलं. थंडीत डोकं ओलं राहायचं, सर्दी हटेना. रोज सकाळी तेलाची वाटी गरम करायची आणि स्वतःचेच गुडघे चोळत बसायची. मला ते बघवत नव्हतं.

मी त्याच्या घरी गेले. तो सीन काढ म्हणाले. तो म्हणाला, ‘ताई, लोक त्येवढ्याच सीनसाठी बगतात. त्यो काडला तर उरतंय काय?’ खरं बोलला. मी ते वाक्य जपून ठेवलं.

दोन महिन्यांनी त्याच्या बायकोला मुलगा झाला. लेकरू रात्रंदिवस रडायचं. शहरातून आणलेल्या बाईचा हात त्याला मानवेना. एका सकाळी त्याची आई आमच्या दारात आली, पदराचं टोक पिळत. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि म्हणाले, ‘काकू, तुमच्याकडं पान्याची अडचन नाय का?’ मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

आतून आईनं विचारलं, ‘किती दिवसाचं हाय लेकरू?’

मला आईचाच राग आला. पण ती जाणार हे तिच्या आवाजात ठरलेलंच होतं, म्हणून मी अट घातली. त्यानं उभं राहून सगळं चित्रित करायचं, कुठं कापायचं नाही, त्याच चॅनलवर टाकायचं, खाली आईचं नाव लिहायचं. आणि तो गच्चीचा सीन काढायचा, सिनेमातूनही आणि वेगळा टाकलेलाही. काकूंनी मान डोलावली. लेकरू रडत असलं की आजी कशालाही मान डोलावते.

दुसऱ्या दिवशी आई शिकेकाईनं न्हाली. मी कंगवा घेऊन बसले, तर म्हणाली, ‘राहू दे.’ आणि केस मोकळे सोडून ती घराबाहेर पडली. जवळच्या बोळातून नाही, मोठ्या रस्त्यानं, भर उन्हात. कोपऱ्यावरच्या घरची सासू दारात भांडी घासत होती. आई तिच्यासमोर थांबली, केस एकदा झटकले आणि पुढं गेली. मी मागून चालत होते. एवढा अभिमान मला माझ्या दहावीच्या निकालाचाही वाटला नव्हता.

तिथं ती पाटावर बसली, पाय पसरले, लेकरू घेतलं. सिनेमावाला मोबाईल धरून उभा होता. आई वर न बघता म्हणाली, ‘हात हालवू नको रं. ह्यो तुजा पिच्चर नाय.’ लेकरू आधी बोंबललं, मग कुरकुरलं, मग धुरी देताना तिच्या मांडीवर झोपलं. आईचे केस त्याच्या पोटावर आले होते. त्यानं एक बट मुठीत धरली होती.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी गेला, आईच्या नावानं. मी शेजारी बसून तो सीनही काढून घेतला. मग सिनेमा उरला तो पीठ फासलेल्या भुताचा. ‘ती म्हातारी कुठाय? बाकी सगळी कॉमेडी आहे.’ ‘पीठ कोणत्या चक्कीचं?’ ‘माझ्या पोरानं बघितला आणि हसत हसत जेवला.’ मी रोज दुकानात डबा खाताना एकेक वाचत होते आणि प्रत्येकाला अंगठा देत होते. एकही सोडला नाही.

परवा कोपऱ्यावरच्या घरातून फोन आला. त्यांच्या धाकट्या सुनेला मुलगी झालीय. मावशींना पाठवता का, आत्ताच, पाणी तापलंय, असं सासू म्हणत होती. मी वर बघितलं. गच्चीवरून सट, सट आवाज येत होता. मी म्हणाले, ‘आई केस वाळवतीय. वेळ लागंल.’