धुरीचा वास

ईशा, रोहन,

तुम्ही लिंक पाठवली त्या ग्रुपवरचे अमानवीय अनुभव मी सगळे वाचले, आणि बहुतेकांवर मनातल्या मनात लाल पेनने खुणा केल्या. तुमची आजी तीस वर्षं सेलूच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि सायन्स शिकवत होती. वर्गात कुणाच्या अंगात आलं की मी तिला तोंड धुवून यायला सांगायची आणि धडा पुढे चालू ठेवायची. भूत, संकेत, आत्मा — यातलं काहीच मी कधी मानलं नाही. अजूनही मानत नाही. तरीही एक प्रसंग आहे, तो जसा घडला तसा लिहून ठेवते...

अपघात तुम्हाला ठाऊक आहे. देवगाव फाट्याजवळ आमची रिक्षा उलटली, डोकं रस्त्यावर आपटलं, मेंदूत रक्तस्राव झाला. नऊ दिवस मी बेशुद्ध होते. पुढे चालणं परत आलं. शब्दही आले — काही दिवस मी चमच्याला खडू म्हणायची, तेही थांबलं. वास तेवढा आला नाही. डॉक्टर म्हणाले, वासाच्या नसा फार नाजूक, माराने तुटतात. वर्षभरात परत आला नाही तर सहसा येत नाही.

हात मोडला तर लोक भेटायला येतात. वास गेलेला कुणाला दिसत नाही. फोडणी टाकावी आणि नुसता आवाज यावा. आजोबांचा स्वेटर नाकाशी धरला, तर लोकर टोचली, एवढंच. माझ्याच घरात मी पाहुण्यासारखी राहायला लागले.

तुमच्या बाबांनी मला इथे एकटं राहू दिलं ते एका अटीवर. गॅस सुटला तर मला कळणार नाही, म्हणून त्याबाबतीत एकदा जरी चूक झाली तरी घराला कुलूप आणि मी पुण्याच्या वृद्धाश्रमात. मी कबूल केलं. ओट्यावर यादी चिकटवली : दूध तापेपर्यंत समोरून हलायचं नाही, बटण बंद, रेग्युलेटर बंद. रोज टिक करायची.

अपघाताला चौदा महिने झाले होते. मार्चमधली दुपार, बरोबर पावणेपाच. पुढच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसले होते, आणि मला वास आला.

तुम्हाला हे वाक्य साधं वाटेल. चौदा महिन्यांतला पहिला वास — आणि तो धुरीचा. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. तुमच्या आईला माहेरी आई नव्हती, म्हणून तिची दोन्ही बाळंतपणं इथेच झाली. अंघोळीनंतर तुम्हा दोघांना मीच धुरी द्यायची. तुम्हाला ते आठवणं शक्य नाही.

मी रडतच उठले. वासामागोमाग स्वयंपाकघरात गेले. तिथे ना निखारे, ना धूर. ओट्यापाशी वास सगळ्यांत दाट होता. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण पूर्ण उघडं होतं. दूध ठेवल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. गॅसचा वास मात्र तेव्हाही मला जराही येत नव्हता. देव स्वयंपाकघरातच आहेत. पाच वाजता मी तिथे काडी ओढून दिवा लावते.

बटण बंद केलं, खिडकी उघडली. तेवढ्यात मागच्या दारात शेजारची शोभा आली. मला वाटलं, गॅसच्या वासाने आली. पण ती हसत होती.

"काकू, कोण आलंय बाळंतपणाला? मघापासून धुरीचा वास यायलाय आमच्याकडं. सांगितलं बी न्हाई तुमी."

मग तिने आत पाऊल टाकलं आणि तिचा चेहरा उतरला. "अवो, गॅस सुटलाय. बाहेर चला आधी."

नंतर तिने गल्लीत घरोघरी विचारलं. कुठेच तान्हं मूल नव्हतं.

डॉक्टरांना मी फक्त वासाचं सांगितलं. अशा दुखापतीनंतर मेंदू कधी कधी नसलेला वास तयार करतो, असं ते म्हणाले. मला ते पटलंही. पण शोभाच्या डोक्याला कुठे मार लागला होता?

मी विनवलं म्हणून शोभा तुमच्या बाबांपाशी काही बोलली नाही. जूनमध्ये तिच्या नवऱ्याची बदली झाली, ते लातूरला गेले. परवा फोनवर पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "आला होता खरा, काकू. पण कशाचा होता, आता न्हाई सांगता यायचं." आता नक्की सांगणारी मी एकटीच उरले.

त्यानंतर मला कसलाच वास आलेला नाही. सिलिंडर परत केला, इंडक्शन घेतलं. सोय म्हणून घेतलं, असं तुमच्या बाबांना सांगितलं. हे वाचून तुम्ही त्यांना खरं सांगाल. सांगा. चूक माझी, आणि ती लपवली हीही माझीच चूक. ते कुलपाचं बोलतील, आणि त्यांचं चुकणार नाही. माझी बाजू मांडायची झाली तर एवढंच सांगा : तो वास कुठून आला याचं उत्तर आजीकडे नाही. पण आला तो याच घरात. पुन्हा आला, तर तो ओळखणारं कुणीतरी घरात असायला हवं.