ताजी देवाला, सडकी मला

आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीत फाटकाजवळ झेंडूचा एक वाफा आहे. तो मी राखते. राखता राखता माझा आवाज इतका चढलाय की नवरा हल्ली खिडकीतूनच खुणा करतो, खाली येत नाही.

पावसात झेंडूचं फूल स्पंजासारखं पाणी पितं. जड होतं, तपकिरी पडतं, त्याला बुरशी धरते आणि ती शेजारच्या कळीत उतरते. म्हणून उघडीप मिळाली की मी वाफ्यात. सडलेलं फूल नुसतं तोडायचं नाही. खालच्या पानांपर्यंतच्या देठासकट नखानं खुडायचं. मग झाड बी धरण्याच्या मागे लागत नाही, नव्या कळ्या काढतं. मुळांशी मी उसाचं पाचट पसरते, म्हणजे चिखल पानांवर उडत नाही. खुडलेलं सगळं कोपऱ्यातल्या खड्ड्यात. तेच पुढच्या वर्षीचं खत. विकतचं काही नाही, फवारणी नाही.

आणि एवढं करून रोज पहाटे काय घडायचं? कुणीतरी टपोरी फुलं ओढून न्यायचं, त्यात शेजारच्या कळ्या मोडायच्या, आणि सडकी तेवढी माझ्या नावानं ठेवलेली! वर देवावरचं निर्माल्य. ते कचऱ्यात टाकलं तर पाप, म्हणून झेंडूच्या बुंध्याशी. दोऱ्यासकट, तेलवातीसकट, एकदा तर गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसकट. त्या ओल्या ढिगाखाली बुंधे कुजले, रोपं नुसती धरली तरी हातात आली. ती हातात उंच धरून मी चारही मजल्यांना ऐकू जाईल असं भाषण ठोकलं. खिडक्या धडाधड बंद झाल्या. पुण्यवान माणसं!

त्यातच अध्यक्षकाकांनी ठराव आणला: वाफा काढून पेव्हर ब्लॉक बसवा. काका मूळचे दुष्काळी कवठे महांकाळकडचे. अर्धा जन्म पावसाची वाट बघण्यात गेला आणि इथं तो पडतो तर यांना चिखलाचा राग.

"आवं वहिनी, फुलंच येत न्हाईत तर वाफा कशाला? नुसता चिखुल. गाड्या तरी लागतील."

फुलंच येत नाहीत! त्या रात्री मी जेवणाची भांडी अशी आपटली की नवऱ्यानं न सांगता घासायला घेतली.

सभेच्या आदल्या पहाटे मी जिन्याखाली खुर्ची टाकून बसले. बाहेर भुरभुर चालू होती. आणि आली की स्वारी! छत्री मानेत दाबलेली, लुंगी गुडघ्यावर, हातात परडी. खुद्द अध्यक्ष. एकेक फूल झटकून, निरखून घेत होते. सडकं लागलं की बोट झटक्यात मागे. आरोळी अगदी ओठांवर आली होती. पण एन्ट्री कधी घ्यायची हे मला कळतं. गप्प बसले.

सभा पार्किंगमध्ये, पत्र्याखाली. काका उभे राहिले. "एक तरी फूल दिसलंय का कुणाला?"

"नाही दिसलं," मी म्हटलं. "बसवा ब्लॉक. फक्त काकूंना चालेल का, तेवढं विचारा."

मागच्या खुर्चीतल्या काकू, म्हणजे अध्यक्षांच्या सौभाग्यवती, दचकल्या. "मला काय इचारता? पण मग देवाला फुलं कुठनं आणायची? आवं, वहिनी रोज परडी भरून देत्यात म्हणून सांगता न्हवं तुमी?"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. मग जे हसू फुटलं! काकू मात्र हसल्या नाहीत.

"म्हंजे चोरीची फुलं घातली व्हय मी देवाला?"

ठरावाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. काकूंनी शिक्षा तिथंच सुनावली. आता त्यांच्या घरचं निर्माल्य दोरा काढून खड्ड्यात जातं आणि काका रोज सकाळी छत्रीखाली उभे राहून सडकी फुलं खुडतात. तीही चुकीची! नुसती मुंडी मोडतात. उरलेल्या देठात पाणी साचतं आणि तो खालपर्यंत सडत जातो.

"देठासकट, काका! पानापर्यंत!" मी गॅलरीतून ओरडते.

"व्हय, व्हय." मग मान वर करून, परडी पुढे धरून विचारतात, "आता एक घेऊ का देवाला?"

"आधी ती कडेची सडकी काढा," मी सांगते.