भेसळीची ताटं

राजूरच्या गणपतीला नारळ फोडायला आलेला माणूससुद्धा घटकाभर ओट्यावर निवांत टेकतो. त्याच देवळामागच्या गल्लीत प्रियदर्शनी सहा वर्षांपूर्वी सून म्हणून आली. तेव्हापासून तिला काही निवांत टेकायला मिळालेलं नाही.

नवरा आदिनाथ सकाळच्या गाडीनं जालन्याला नोकरीवर जातो. मागे उरतात साडेचार वर्षांचा माऊली, तीन वर्षांची चिन्मयी आणि पंचाहत्तरीचे सासरे पुंजाराम. तिघांनाही दर दहा मिनिटांनी काहीतरी लागतं. प्रियदर्शनीला एकच गोष्ट लागत होती, रोजचा एक तास. लिपिकाच्या परीक्षेला पंचवीस दिवस राहिले होते. दोनदा ती नापास झाली होती आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची खेप. अर्ज भरल्याचं तिनं आदिनाथशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. नापास व्हायचंच असेल तर या वेळी गुपचूप व्हावं, असा तिचा बेत.

मोबाइलवर एक बाई सांगत होत्या, मुलांपुढे छोटे छोटे उद्योग मांडून ठेवा, ती आपली आपण शिकतात, तासभर हाक मारत नाहीत. त्या बाईंच्या घरची फरशी इतकी चकचकीत होती, की त्यांना मुलं असतील याचाच संशय यावा. पण गरजवंत माणूस फरशी बघत नाही. प्रियदर्शनीनं जेवणाची ताटं काढली. एकात सोयाबीन, तूर आणि मूग मिसळून शेजारी तीन वाट्या ठेवल्या, दुसऱ्यात बाटल्या आणि त्यांची झाकणं, तिसऱ्यात आदिनाथचा जुना शर्ट, बटणं लावायला.

पहिले दोन दिवस मुलं खरोखरच आपली आपण शिकली. अट इतकीच, की आईनं समोर बसून बघायचं. तिसऱ्या दिवशी मात्र बाहेर एकदम शांतता झाली. प्रियदर्शनीनं चाळीस प्रश्न सोडवले आणि हरखून बाहेर आली. ताटापुढे चष्मा लावून पुंजाराम बसले होते. तिन्ही वाट्या भरलेल्या, एक दाणा इकडचा तिकडे नाही. मुलं स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यापाशी एकमेकांना पांढरं करत होती.

यात पुंजारामांचा दोष काढता येत नाही. तीस वर्षं त्यांनी आपल्या शेतात कंपनीसाठी बियाणाचे प्लॉट घेतले. शेतात परक्या जातीची झाडं दिसली की तपासणीचे साहेब प्लॉट नापास करायचे. म्हणून हा माणूस दिवस उगवायच्या आधी ओळीओळीनं वेगळं झाड उपटत फिरला. त्याच्याच घरात, त्याच्याच ताटात भेसळ!

"मामा, ते पोरांसाठी होतं."

"पोरांनीच तं केली ना भेसळ. मी निवडून टाकली."

"पोरांनी न्हाई. मी केली."

पुंजारामांनी चष्मा काढला आणि सुनेकडे नीट पाहिलं.

मग ती संध्याकाळी मिसळायची आणि ते सकाळी निवडायचे. "निवडलेलं बी पुन्हा मिसळून राह्यली तू? डोकं ठिकाणावर हाय का?" हे भिंतीपलीकडच्या नंदाबाईंनी ऐकलं आणि त्या लिंबू घेऊनच आल्या. "उतरवून टाकते ग बाई. डोळे बी ओढल्यावानी दिसतात तुझे."

शेवटी तिनं सासऱ्यांनाच तपासणीचा साहेब केलं. मुलांनी निवडायचं, त्यांनी तपासायचं. पुंजाराम खुर्चीवर बसले, माऊलीच्या तुरीच्या वाटीतून मुगाचा एक दाणा उचलला आणि म्हणाले, "नापास!" माऊलीनं भोकाड पसरलं. आई धावत आली.

"आता इथंच बस," साहेबांनी हुकूम सोडला. "तपासणीला प्लॉटवाला हजर लागतो."

प्लॉटवाली आठवडाभर हजर राहिली, मांडीखाली पुस्तक दाबून. बारा दिवस उरले, तेव्हा तिचा बांध फुटला.

"मामा, मला रोज एक तास पाहिजे! परीक्षा हाय माझी!"

"कशाची?"

"लिपिकाची. तिसऱ्यांदा."

पुंजारामांनी तुरीची वाटी खाली ठेवली. "मंग तोंडानं सांगायचं की. ताटं कशाला मांडत बसली?"

दाणे, झाकणं, बटणं सगळं तिनं जमवलं होतं, फक्त हे एक वाक्य जमवलं नव्हतं.

"जा, बस. बिलकुल उठू नको," म्हणत त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. सातव्या प्रश्नाला ते किलकिलं झालं.

"किती झाले?"

"सहा, मामा."

"सहाच? जल्दी कर."

संध्याकाळपर्यंत देवळाजवळच्या नारळवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना पुंजारामांच्या तोंडून परीक्षेचं कळलं. नंदाबाईंनी तर पास झाली तर एकवीस मोदकांचा नैवेद्य, असा नवसही बोलून टाकला. गुपचूप नापास होण्याची सोय संपली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती पुस्तक घेऊन बसली. तास मिळाला होता, पुरा साठ मिनिटांचा. आठव्या मिनिटाला दार सरकलं. फटीत खाली चिन्मयीचं डोकं, तिच्यावर माऊलीचं, सगळ्यांत वर चष्मा. तिघंही नुसती बघत उभी राहिली.

प्रियदर्शनीनं पान उलटलं, वाचून झालं नव्हतं तरी.