दीडशे जोड्यांचा फलक

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या डॉक्टरकाकांना न रागावता बसलेले कुणीही पाहिलेले नाही. झोपेतही त्यांच्या कपाळावर आठी असावी. आयुष्यभर हाडे जोडून निवृत्त झालेल्या या गृहस्थांचा जीव प्राचीन योद्ध्यांत अडकला होता, आणि राग त्या योद्ध्यांविषयी चुकीचे बोलणाऱ्यांवर. टीव्हीवरच्या सैनिकाने भाला वाकडा धरला, की ते सोफ्यावरून उठून त्याला दरडावत, "अरे, खांदा निखळेल तुझा!" एका बारशाला कुणी तरी "लढाई म्हणजे मर्दांचं काम" असे म्हणून गेले. काकांनी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली आणि काळ्या समुद्राकाठी धनुष्यबाणांसह पुरलेल्या स्त्रियांच्या सांगाड्यांवर अर्धा तास व्याख्यान झोडले. बाळ रडू लागले, तेव्हा म्हणाले, "याला कळतंय. तुम्हाला नाही."

२००५च्या गणेशोत्सवात त्यांनी योद्ध्यांचे प्रदर्शन मांडले. मंडळाचा अध्यक्ष मी होतो. एका फलकावर ग्रीसमधल्या थीब्ज नगरीची तुकडी होती: एकमेकांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या दीडशे जोड्या, प्रियकरादेखत पाऊल मागे कसे घ्यायचे, म्हणून अखेरपर्यंत लढणाऱ्या. "मुलं विचारतील हो, काय सांगायचं?" एक काकू कुजबुजल्या. एवढे पुरले. दारे उघडण्याआधी तो फलक मी माझ्या हातांनी उतरवला.

काका रिकाम्या जागी स्वतःच उभे राहिले आणि प्रसादाच्या रांगेतल्या आजींनासुद्धा त्यांनी त्या दीडशे जोड्या खणखणीत आवाजात ऐकवल्या. लोक हसले, मीही हसलो. मग त्यांचा भाचा आला. त्याचे एका पुरुषावर प्रेम आहे हे उघड झाल्याने अमेरिकन सैन्याने तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याला नुकतेच काढून टाकले होते. मंडळात हे केवळ मला ठाऊक होते. काकांनीच विश्वासाने सांगितले होते.

"काका, मामाचा तो बोर्ड कुठेय? म्हणाला, फर्स्ट तोच बघ," त्याने मला विचारले.

"जागा कमी पडली रे," मी म्हणालो.

त्याने मोकळ्या भिंतीकडे पाहिले. "ओके काका, नो प्रॉब्लेम," म्हणाला आणि न जेवता निघून गेला.

"अध्यक्षमहाशय," काका भर हॉलमध्ये गरजले, "आर्मीनं निदान त्याला कारण तरी सांगितलं! तू खोटं बोललास!" त्यातला एकही शब्द मला आजवर खोडता आलेला नाही.

तीन आठवड्यांनी फलक घेऊन मी त्यांच्या दारी गेलो.

"आता कुणाला दाखवू? तो तिकडे लांब प्लेनोला राहायला गेला. फोनही उचलत नाही."

उतरवताना फलकाचा कोपरा फाटला होता. काकांनी तो पाहिला, आत जाऊन चिकटपट्टी आणली. 

"धर नीट," ते हळूच म्हणाले.

मी धरला.