बुडालेलं मिठागर

आमच्याकडं संभाजीनगरला दुष्काळाचे फोटो सगळेच काढतात, म्हणून मी अवकाळी पावसात बुडालेलं मिठागर टिपायला कोकणात गेलो. गुडघाभर पाण्यात फावडं घेऊन एक मजूर उभा होता. माझ्या फोटोला माणूस हवाच होता.

"मामा, जरा दुःखी चेहरा करा," मी म्हणालो.

त्यानं टोपी नीट केली, केस चापले आणि छानपैकी हसला.

"हसू नका हो!"

"मी तिकडं संभाजीनगरकडच्या पिशोरचा, साहेब. फोटो माझ्या आईच्या मोबाइलवर धाडा. मीठ विरघळलं, हे तिला नाय सांगितलं."

मी फोटो त्याच्या आईला धाडला आणि एका फोटोस्पर्धेतही. परीक्षकांनी कळवलं, "माणसाच्या चेहऱ्यावर पुराचा परिणाम दिसत नाही."

आईलाही दिसला नसावा.