फळांची हजेरी

त्याचं खरं नाव मी सांगणार नाही. शेरको म्हणू या. गावाचंही नाव विचारू नका. इराणात कुर्द लोकांचा जो डोंगराळ भाग आहे, तिथलं एक गाव, बस्स. एकेकाळी मी अशी नव्हते. विचारलं नसतं तरी नाव, गाव, पिनकोड, रक्तगट सगळं सांगून मोकळी झाले असते. का बदलले, तेच सांगायला बसले आहे.

मी सुरेखा. औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्या खात्यात एकच धर्म: जे कागदावर लिहिलेलं नाही, ते घडलेलंच नाही. रकाना रिकामा सोडायचा नाही. लिहिण्यासारखं काही नसेल तर आडवी रेघ मारून "लागू नाही" लिहायचं, खाली सही आणि तारीख. अठरा वर्षं हे केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. आमच्या फ्रिजवर दुधाची नोंद असते. प्रसन्न, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की लग्नाच्या सर्टिफिकेटवरसुद्धा तू "तपासले" असं लिहिणार होतीस. म्हणू दे.

तर हा शेरको इकडे आयर्लंडात, ल्यूकनला, आमचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. पन्नाशीचा, भुवया जाड, बेकरीत कामाला. पहाटे जाणार, दहाला पिठानं पांढरा होऊन परत येणार. दोन वर्षांत आमचं बोलणं काय, तर कचऱ्याचा हिरवा डबा आज की निळा. मला तो "सुरेखा खान" म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा प्रसन्नच्या हातातला चहा सांडला. मग कळलं की त्यांच्याकडे बाईला मानानं खान म्हणतात आणि पुरुषाला काक. त्या दिवसापासून प्रसन्न झाला काक प्रसन्न. तेव्हा कुठे गप्प बसला.

दोन हजार वीस साली लॉकडाऊन लागला आणि मी शुक्रवारी घरून काम करायला लागले, तेव्हा भिंतीनं तोंड उघडलं. बरोबर अकरा वाजता पलीकडून शेरको ओरडायचा, "हनार!" मग बारीक आवाज. "हंजीर!" परत बारीक आवाज. मला वाटलं, बेकरीचा पगार पुरत नसणार, बिचाऱ्यानं फोनवर फळं विकायला काढली. मी तर अर्धा किलो अंजीर मागवायच्या बेतात होते.

"मॅम, ही इज टेकिंग द रोल," माझी रेवा म्हणाली. नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली, उच्चार अस्सल आयरिश, म्हणून आईचीही मॅम झालेली. मराठी सगळं समजतं, बोलायचं म्हटलं की "इट्स ग्रँड, मॅम" म्हणून पसार.

हजेरी? डाळिंबाची नि अंजिराची? छे! पण मला चैन पडेना. डिसेंबरात एकदा मागच्या कुंपणावरून चकल्यांचा डबा पुढे केला आणि सरळ विचारलं. त्यानं एक चकली खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि तिसऱ्या चकलीला बोलायला लागला.

तो तिथे शाळामास्तर होता. शाळेत फारसी चाले. शाळा सुटल्यावर हा पोरांना घरी बसवून कुर्दी लिहावाचायला शिकवायचा. दोनदा धरून नेलं. तिसऱ्यांदा नेणार असं कळल्यावर निघाला तो देश सोडूनच. मागे त्याची धाकटी बहीण होती. तिला बेरीवान म्हणू या. तिनं तोच वर्ग आपल्या स्वयंपाकघरात सुरू केला. बाई टापटिपीची. कोरी वही आणली, रेघा मारल्या, पोरांची नावं, बापांची नावं, फोन नंबर सुवाच्य अक्षरात लिहून काढले.

"छान!" मी म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं हो.

"ती वही पोलिसांना मिळाली," शेरको म्हणाला.

एकेका बापाला बोलावून घेतलं. एकाची नोकरी गेली. बेरीवानवर खटला भरला, देशाच्या सुरक्षेविरुद्ध गट स्थापन केल्याचा. त्या गटातला सर्वांत मोठा सभासद आठ वर्षांचा होता आणि त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. हे सांगताना शेरको हसला, म्हणून मीही हसले, आणि मग उगाचच डब्याचं झाकण लावलं. बेरीवान जामिनावर होती, निकाल लागायचा होता. तोवर नऊ पोरांना शेरको इथून फोनवर शिकवत होता, आणि या वेळी कुणाचंच नाव कुठे लिहायचं नाही, म्हणून प्रत्येकाला एकेक फळ.

"आणि शेवटी ती एक बाई बोलते, तुतीवाली?" मी विचारलं. यादीत शेवटचं नाव तुतीचं असायचं आणि "हाजिर" म्हणणारा आवाज मोठ्या बाईचा.

"तीच बेरीवान. तिला शिकवायला बंदी आहे. शिकायला नाही. म्हणून मागे बसते आणि तासभर माझ्या चुका काढते. वर्गात तिच्याइतकं वात्रट कुणी नाही."

आता माझ्या वर्गाचं ऐका. दर रविवारी झूमवर मी मराठी शाळा चालवते. सात मुलं. पाचांचे कॅमेरे बंद, सहावा जेवत असतो आणि सातवी माझीच. हजेरी घेताना "हजर" म्हणा म्हणून घसा कोरडा करायचा. रेवा पुढच्या खोलीतून म्हणणार, "हिअर."

"हजर म्हण."

"सेम थिंग, मॅम."

दीड वर्ष हा संवाद चालू होता. कसली बंदी नाही, पोलीस नाही, उलट शेवटी चॉकलेट मिळतं, तरी आमच्या लेकरांच्या तोंडून एक शब्द निघेना! आणि पलीकडे ती नऊ फळं एका हाकेत ओ देत होती. मला त्यांचा इतका हेवा वाटायचा की सांगायची सोय नाही.

त्या हेव्यातूनच पुढचं सगळं झालं. फेब्रुवारीत मराठी भाषा दिन आला. आमच्या मंडळाचे अध्यक्ष चंद्रहास. आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, पण खरा जीव सत्कारात. पुण्याहून एकदम अकरा शाली आणून त्यांनी किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, डाळींच्या वर रचून ठेवल्या आहेत. कोव्हिडमुळे वर्षभर शाल पांघरायला माणूस मिळाला नव्हता, त्यामुळे गडी कासावीस झालेला. मी म्हटलं, आमच्या शेजाऱ्याचा करा. मातृभाषेसाठी इतकं सोसलेला माणूस तुम्हाला लॉकडाऊननं आखून दिलेल्या पाच किलोमीटरच्या आत मिळणार नाही. चंद्रहासांना गहिवरून आलं. त्यांनी लगेच सत्कारमूर्ती परिचयपत्र धाडलं.

दहा रकाने होते. संपूर्ण नाव, मूळ गाव, कुटुंब, कार्य, विद्यार्थिसंख्या. मी पहिला भरला, दुसरा भरला, आणि मग माझा हात थांबेचना. गाव लिहिलं. बहिणीचा खटला लिहिला. नऊ विद्यार्थी, दर शुक्रवारी, फोनद्वारे. शेवटी लाल अक्षरात "गोपनीय" असंही लिहिलं आणि सही-तारीख टाकून समाधानानं पाठवलं. शेरकोला म्हटलं की रविवारी झूमवर ये, आमच्या मुलांशी दोन शब्द बोल, कॅमेरा लावू नकोस. सत्काराचं गुपित ठेवलं होतं. आमच्यात तशी पद्धत आहे, माणसाला बेसावध गाठून शाल घालायची.

गुरुवारी सकाळी फोन उघडला तर फेसबुकवर पोस्टर. भगवी झालर, कोपऱ्यात पणती, मध्ये बेकरीच्या पानावरून उचललेला शेरकोचा हसरा फोटो. वर "मायबोलीचा झुंजार शिलेदार". खाली नाव, गाव, बहीण, नऊ विद्यार्थी, शुक्रवार, फोन. सगळ्यात खाली: "माहिती संकलन: सौ. सुरेखा".

चंद्रहासांना फोन लावला.

"सुरेखाताई! अहो, दोनशे चौदा लाइक्स!"

"काढा ते. आत्ताच्या आत्ता काढा!"

"का? काही शुद्धलेखनाची चूक राहिली का?"

"चंद्रहास, त्या लाल अक्षरांत काय लिहिलं होतं?"

"लाल? मला वाटलं, तुम्ही ठळक छापा म्हणताय."

त्यांनी काढलं. पण पोस्टर तोवर गावोगाव फिरत होतं. नाशिकच्या नणंदेनं मलाच पाठवलं, हात जोडून. कुठल्या कुठल्या ग्रुपवर "प्रत्येक मराठी माणसानं पुढे पाठवा" असं लिहून आलं. ऑफिसचं काम बाजूला ठेवून दुपारपर्यंत मी आणि प्रसन्न लोकांच्या हातापाया पडत होतो. सगळ्यात अवघड केस माझी आई. साताऱ्यात बसून तिनं ते स्टेटसला लावलेलं.

"आई, काढ."

"अगं, पण खाली तुझं नाव आहे की!"

"म्हणूनच काढ!"

"कसं काढतात? लावलंय शेजारच्या नरेशनं, तो संध्याकाळी येतो."

शेवटी प्रसन्ननं व्हिडिओ कॉल लावून तिच्याकडून काढून घेतलं. पाऊण तास लागला, आणि त्यात तिनं चुकून माझ्या नणंदेला ब्लॉक केलं. एरवी मी पोट धरून हसले असते.

मग मी शेरकोचं दार वाजवलं. दोन मीटर मागे सरून, मास्क लावून, सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नऊ लिहिलंस?" त्यानं विचारलं.

"हो."

"गावाचं नाव?"

"हो."

तो दाराच्या पायरीवर बसला. भुवईवर पीठ तसंच होतं. म्हणाला, "शुक्रवारच्या आधी सांगितलंस, हे बरं केलंस, सुरेखा खान." आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. भिंत गप्प. पुढचा शुक्रवार गप्प, त्याच्या पुढचाही. मी प्रेसमध्ये डोकं घालून, जिरं शोधतेय असं दाखवून रडले. नऊ लेकरांची शाळा मी एका फॉर्मनं बंद पाडली होती. तिथल्या पोलिसांना कदाचित काही कळलंही नसेल. पण कदाचित कळलंही असेल, आणि त्या कदाचितवर नऊ आयांनी फोन बंद करून ठेवले होते.

चौथ्या शुक्रवारी भिंतीतून हाक आली. नवाच शब्द! मी कान लावला. सगळी फळं बदलली होती. डाळिंबाचं नासपती झालेलं, अंजिराचं जर्दाळू. नऊच्या नऊ ओ आले. शेवटी तुती मात्र तीच. तिनं पहिल्याच मिनिटाला भावाची काहीतरी चूक काढली आणि पोरं खिदळली. मी स्वयंपाकघरात गोल गोल फिरत होते. दुपारी दारात गरम रोट्यांची पुडी होती.

सत्कारही झाला, एप्रिलमध्ये. चंद्रहासांनी दारात शाल नि नारळ ठेवला आणि दोन मीटर मागे उभे राहिले. फोटो नाही, भाषण नाही, नाव नाही. त्यांचा हात सारखा खिशातल्या फोनकडे जायचा आणि परत यायचा. शेरकोनं शाल पांघरली, नारळ कानाशी हलवून पाहिला आणि विचारलं, "हा ओव्हनमध्ये ठेवू का?"

निकाल ऑक्टोबरात लागला. निळ्या डब्याच्या दिवशी त्यानं मला सांगितलं. साडेतीन वर्षं. माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईनं म्हणाला, "तुझ्या पोस्टरमुळे नाही. कोर्टाच्या कागदात फक्त वही आहे. तिचं अक्षर फार सुंदर आहे."

गुरुवारी बेरीवान छोटी पिशवी घेऊन तुरुंगात हजर झाली.

शुक्रवारी मुलांच्या शाळेला सुट्टी होती. रेवा टेबलाशी कॉर्नफ्लेक्स खात बसलेली, मी लॅपटॉप उघडून नुसतीच. आज होणार नाही, मी मनाशी धरूनच चालले होते. अकराला शेरकोचा आवाज आला. नासपती, हाजिर. जर्दाळू, हाजिर. अक्रोड, हाजिर. नऊ झाले. तो थांबला. मला वाटलं, आता धडा सुरू करील.

"तू," तो म्हणाला. त्यांच्या भाषेत तुतीला तू म्हणतात.

काहीच आवाज नाही. रेवाचा चमचा वाडग्यात थांबला. आणि मग पलीकडून नऊच्या नऊ आवाज एकदम, फोन फाटेल इतक्या जोरात: "हाजिर!"

"हजर," इकडून रेवा म्हणाली. भिंतीकडे तोंड करून, हळूच. मग माझ्याकडे न बघता खायला लागली.

दीड वर्ष त्या एका शब्दासाठी मी जीव टाकला होता. रविवारच्या हजेरीची वही समोर होती, पेन हातात होतं. मी ते कुठेही लिहून ठेवलं नाही.